दादा, तुझे टायर मी परत केले

प्रिय दादा,

काल तुझ्या मोटारीतून मी माळावरच्या धनगराच्या सुनेला मोमिनाबादच्या दवाखान्यात नेलं. पोर आडवं आलं होतं. आई वाचली, लेकरूही वाचलं. सकाळपासून दारात माणसं येताहेत. कुणी नारळ आणलाय, कुणी लोण्याचा गोळा. सगळ्यांचं एकच, धाकट्या देशमुखानं थोरल्याचं नाव राखलं! आणि मी आतल्या खोलीत दार लोटून बसलोय. त्यांच्यापुढं मान वर होत नाही.

ती का होत नाही, हे गावात वहिनींशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुलाही कळावं म्हणून लिहितोय. तोंडानं सांगायची वेळ आली असती तर तुझ्यापुढं उभा तरी राहिलो असतो का मी?

काय रुबाब होता त्या मोटारीचा! हैदराबादच्या नवाबाकडून तू ती आणलीस तेव्हा अख्खं नांदूरघाट वेशीवर जमलं होतं. उघडी, दोनच माणसांची, लांब नाकाडाची, तारांच्या चाकांची. "ही मोटार न्हाई मालक, घोडी हाय," असं म्हातारे म्हणाले होते. सडकेवर नवा मुरूम पडला की तू तिला मोकळी सोडायचास. मी शेजारी बसून भीतीनं ओरडायचो, आणि तू हसायचास.

मग टायर झिजले. आतले दोरे दिसायला लागले. तू सोलापूरच्या टायरवाल्या शेटजींकडं गेलास आणि रिकाम्या हातानं परत आलास. आठवतं तुला काय म्हणालास?

"साधे होते रे, घेतले न्हाई. शेटजी वेगाचे टायर मागवून देणार हाय. तवर उभी राहू दे गाडी."

ते टायर यायच्या आधी तुला ताप आला. श्रावण होता, सगळी काळी माती भिजून लोण्यासारखी झालेली. मोटार गोठ्यात उभी आणि तू बैलगाडीत, घोंगडीवर. चाकं मधल्या तुंब्यापर्यंत, पार निम्मी रुतत होती. बैल बसले की आम्ही खांदा लावत होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, उशीर केलात.

दादा, साधे टायर घेतले असतेस तर? चिडू नको. हा प्रश्न मी तुला किती वेळा मनातल्या मनात विचारला असेल! तुझ्यावर रागही धरला. तो राग धरायचा हक्क मला नव्हता, हे पुढं कळलं.

वैशाखात वहिनींनी मला बोलावलं. तुला जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्या माजघरातून बाहेर येत नव्हत्या. दाराआडून म्हणाल्या, "भावजी, मोटार विकता का म्हणून लोक विचारायलेत. विकायची न्हाई. तिला टायर आणा. चिखलात चालतील असे आणा. पुना कुणाला असं बैलगाडीत घालून न्यायची पाळी येऊ ने."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, दादा. बार्शीहून सोलापूरच्या रेल्वेत बसलो तेव्हाही माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

दुकानात शिरलो तर शेटजींनी लगेच ओळखलं. "देशमुखांचे भाऊ ना? चेहरा तोच!" मी चिखलातले टायर दाखवा म्हणालो. त्यांनी जाड जाड खाचांचा एक टायर पुढ्यात उभा केला. "हा कुठंही चालेल. चिखल धरील, दगड सोसेल. पण तुमच्या गाडीला शोभायचा नाही. वेगात गुरगुरतो, वळणावर जड पडतो." असं म्हणून ते आत गेले आणि कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेला दुसरा टायर घेऊन आले. पट्ट्या सोडवता सोडवता म्हणाले, "हे भाऊसाहेबांचे. केव्हाचे आलेत. दुसऱ्या कुणाला दाखवलेसुद्धा नाहीत."

काय सांगू दादा! तू निवडलेला टायर मी पहिल्यांदा पाहत होतो. बारीक उभ्या रेघा, कंगव्यानं ओढल्यासारख्या. रबर इतकं मऊ की नख रुतत होतं. शेटजी सांगत होते, कोरड्या सडकेवर हा वळणाला गाडी सुटू देणार नाही, मात्र झिजेल लवकर. आणि ओल्या काळ्या मातीत काढूच नका, रेघा बुजल्या की गाडी ताब्यात राहायची नाही. मला सगळं ऐकू येत होतं. आणि मला फक्त तो मुरुमाचा रस्ता दिसत होता, तू सुटायचास तो.

"कसे आहेत भाऊसाहेब? स्वतः का नाही आले?"

मी म्हणालो, "बरे हाईत. त्यांनीच धाडलं मला. हेच घेऊन ये म्हणले."

कसं निघालं रे माझ्या तोंडून? कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्या माणसाच्या दुकानात तू जिवंत होतास, एवढंच मला कळलं. तुझे टायर तिथं तुझी वाट पाहत होते. मी खरं बोललो असतो तर तिथंही तू मेला असतास. पण हे निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं की मला ते टायर हवे होते. मला! चिखल, आजारी माणसं, वहिनींचे शब्द, सगळं मी त्या घटकेला पार विसरलो.

बार्शीहून ते बैलगाडीत घातले. सरहद्दीच्या जकात नाक्यावर, निजामाच्या मोगलाईत शिरताना, तिथल्या मुन्शीजींनी माल पाहिला.

"किसका माल है?"

"बड़े भाई का," मी म्हणालो. आता खोटं सवयीचं झालं होतं.

मुन्शीजींनी चष्मा काढला. "बड़े देशमुख का? मियाँ, उनको तो अल्लाह ने बुला लिया ना? मैं खुद आया था तुम्हारे घर."

मागं कापसाच्या गाड्या थांबल्या होत्या. गाडीवान माझ्याकडं बघायला लागले. मुन्शीजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हारा नाम लिखूँ?" मी होकाराची मान हलवली.

घरी आल्यावर वहिनींनी एका टायरवरून हात फिरवला. एकाच बोटानं, रेघेच्या कडेनं.

"ह्यात चिखल भरला तर?"

मी दुसरा टायर उचलून भिंतीला टेकवायला लागलो.

"शेटजी काय म्हणले?"

मग सांगितलं सगळं. तू बरा आहेस म्हणून सांगितल्याचंही. वहिनी उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत.

"भावजी, माझं कपाळ बघून शेंबड्या पोरालाबी कळतंय की ते गेले. मला कुठं लपवता येतंय? आन तुमी एका माणसाला सांगून आलाव, ते बरे हाईत म्हणून! आता त्या माणसाला कोण सांगणार?"

मी म्हणालो, "मी जातो. टायर परत करतो."

"मीबी येते," वहिनी म्हणाल्या. "तुमी एकले गेलाव की पुना तेच सांगून येचाल."

दादा, ह्या वाक्याइतकं मला आजवर काही लागलेलं नाही. आणि ते खरं होतं!

वर्षाच्या आत तुझी बायको उंबरा ओलांडून बाहेर पडली, ते माझ्यापायी. वेशीतून गाडी निघाली तेव्हा पारावरचे लोक बोलायचे थांबले. वहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि समोर बघत राहिल्या. मी मात्र बैलांच्या शेपट्या बघत होतो.

दुकानात शेटजी हसत उठले. मग वहिनींकडं त्यांची नजर गेली आणि हसू गेलं. मला वाटलं, आता त्यांना कळलंच आहे, बोलायची गरज नाही. मी वहिनींकडं पाहिलं. त्या माझ्याच बोलण्याची वाट पाहत राहिल्या.

"शेटजी, माझा भाऊ गेला," मी म्हणालो. "मागं आलतो तवाच गेलेला होता."

तू गेल्यापासून हे वाक्य मी कुणापुढंच बोललो नव्हतो. लोकांना आधीच ठाऊक असायचं, मला उच्चारावं लागलं नव्हतं. बोललो, आणि तिथं टायरांच्या थप्पीला टेकून लहान पोरासारखा रडलो. परक्या गावात, भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या देखत.

शेटजींनी वहिनींना खुर्ची दिली. तुझे टायर एकेक करून स्वतः आत नेले आणि जाड खाचांचे बाहेर आणले. निघताना म्हणाले, "भाऊसाहेब टायर घेताना आधी त्याचा वास घ्यायचे. मी त्यांना चिडवायचो."

वहिनी म्हणाल्या, "घरीबी तसंच. नव्या धोतराचाबी वास घेयाचे." आणि हसल्या, दादा! तू गेल्यावर पहिल्यांदा. मग शेटजीही हसले, डोळे पुसत.

काल भर पावसात ते जाड टायर सारा रस्ता गुरगुरले. गाडी म्हशीसारखी चालली. पण केजच्या पुढं, जिथं तुझी बैलगाडी रुतली होती, तिथून ती चिखल उडवत निघून गेली. ती बाई विव्हळत होती, तिची सासू पायाशी बसून देवाचं नाव घेत होती, आणि मी स्टिअरिंगचं चाक घट्ट धरून होतो. एकदाच मनात आलं, रेघांचे टायर असते तर आत्ता आपण सडकेकडेच्या कुठल्या चारीत असतो?

सकाळी म्हातारा धनगर माझ्या पायाला हात लावायला आला. मी मागं सरलो. "माझ्या न्हाई, बाबा. आत जा, वहिनींच्या लाव," म्हणालो. त्याला वाटलं, मी मोठेपणा करतोय. बघ, खरं बोललो तरी कौतुकच पदरात पडतं!

मघाशी वहिनी इथं दाराशी आल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी परगावी असलाव आन कुणाला अडचण आली तर? मला चालवाया शिकवा."

दादा, लोक काय म्हणतील, हे माझ्या ओठावर आलं होतं. गिळलं. वचन देतो तुला, उद्या उजाडल्यावर, पारावर माणसं बसलेली असताना, मी मोटार बाहेर काढीन. वहिनी चाकाशी बसतील, मी शेजारी. हसणारे हसतील. लाजायचं तेवढं मी लाजून घेतलंय. त्यांना कुणापुढं खाली बघायची वेळ मी येऊ देणार नाही.

तुझा धाकटा,
यशवंत