काखेत दोन बोटं

मंगळवार, सांजवेळ. हर्सूल.

सोयगावहून आईचा फोन आला. आप्पांचा उजवा हात बधिर झालाय, घासबी उचलत नाय. कुबडीवर काख टेकून नस दबली म्हणे.

आप्पांचा पाय मोडला तवा कुबड्या मीच घेतल्या. इथल्या छावणी भागातल्या दुकानदारानं बजावलं होतं, "भार तळहातावर. काखेत दोन बोटं जागा ठेवायची." सुट्टी नव्हती, एसटीनं धाडून दिल्या. दोन बोटांचं सांगायचं राहिलं.

आप्पांनी जन्मभर मेंढरं राखली, काठी काखेत घेऊन, तिच्यावर रेलून. मागं फोनवर म्हणले, "लई आराम हाय रं, बसावंच वाटत नाय." मी खूश झालो.

आता डॉक्टर कोपराच्या कुबड्या आणा म्हणतो. त्यांची मूठ आप्पा धरणार कशानं?

दोन बोटं. एवढंच सांगायचं होतं.