फिनेलवाल्याचं फेस क्रीम

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा (हात तेलकट असल्यामुळे लांबूनच) नमस्कार.

तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि ताई थांबली नसेल, म्हणजे घर सुखरूप आहे, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक; फक्त घराला वास येतो. त्याचीच ही कथा.

मी फिनेल घोटून वर आलेला माणूस, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण फिनेलवाल्याच्या नशिबी जन्मभर फरशी. म्हणून या वयात चेहऱ्याकडे वळलो. त्यात तीन पार्लरं चालवणाऱ्या एक मालकीणबाई कारखान्यात आल्या (कारखाना म्हणजे तुम्ही पाहिलेली मागचीच खोली, दाराला रंग दिलाय) आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकं हल्ली डबीवरचं बारीक अक्षर वाचतात. टिकवायची रसायनं नकोत, झाडापाल्याची तेलंच घाला. आणि बुरशी दिसली तर पुन्हा तोंड दाखवू नका." तिन्ही पार्लरांचं काम मिळालं तर मी क्रीमवाला, नाहीतर आहेच बादली आणि फरशी.

आता लवंगेचं, ओव्याचं तेल जंतूंना मारतं हे खरं, दाजी. पण किती घातल्यावर मरणार, हे जंतू आधी सांगत नाहीत. पहिल्या खेपेला मी थेंब थेंब घातलं. वास असा सुरेख, की आमची ही म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्या अंगाला पहिल्यांदा चांगला वास आला." थोड्याच दिवसांत झाकण उघडलं तर क्रीमला राखाडी मिशी फुटलेली. माझ्या मिशीपेक्षा दाट.

चिडून दुसऱ्या खेपेला हात सैल सोडला. बुरशी सोडाच, खोलीतल्या माश्याही बिऱ्हाड हलवून गेल्या. हिने गालाला लावलं तर गाल टोमॅटोसारखे लाल, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला (औषधाचा असाही गुण असतो). मी धावत पार्लरवर गेलो, कारण मालकीणबाईंनी नमुना आधीच नेला होता. पोचलो तोवर एक बाई डोळे मिटून खुर्चीत आडव्या आणि मालकीणबाईंची बोटं डबीत. मी पडद्याबाहेर, पण कान माझे तुम्हाला माहीत आहेत. लवंगेचा वास नाकात शिरताच त्या बाईंनी सवयीनं "आ" वासला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, डावीकडची दाढ." शेजारच्या खुर्चीत खसखस पिकली. मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. पडद्याबाहेर येऊन म्हणाल्या, "आता एकदाच. सोमवारी येते."

म्हणून तिसऱ्या खेपेची डबी, जी मी दुसरीच्या जोडीनंच मधलं माप धरून करून ठेवली होती, तिच्यावर आता सगळी भिस्त. वास माफक आहे. मी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं, काही झालं नाही. पण इतकी वर्षं फिनेलमध्ये बुडालेल्या कातडीची साक्ष कोण मानणार?

ताईला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : खरं काम असं. आपल्या सगळ्या गोतावळ्यात तुमच्या बाथरूमइतकी दमट जागा नाही (राग नसावा, मी गौरवानं म्हणतोय). म्हणून गेल्या वेळी तुमच्याकडे आलो तेव्हा तिसऱ्या मापाची एक डबी तुमच्या आरशामागे गुपचूप ठेवून आलो. झाकण काढून मिशी फुटली आहे का, तेवढं सोमवारच्या आत कळवा. ताईला सांगू नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवतोय तोच ताईचा फोन. डबी केव्हाच सापडली म्हणे. बुरशीचा ठिपकाही नाही! पण तळ दिसायला लागलाय. "अरे, हेच रोज दाढी झाली की ओल्या बोटांनी फासतात आणि मला विचारतात, वय कमी दिसतं का!" म्हणजे दाजी, अर्धी परीक्षा पास. उरलेली अर्धी तुमच्या तोंडावर आहे. ताई म्हणते, गाल लाल दिसतात, पण ती बोलत होती तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता. तेव्हा घरात कोणी नसताना आरशात बघा आणि मला खरंखरं कळवा : तेलानं लाल आहेत, की लाजून?