माहेरून मागवलेली एक चांगली गोष्ट

वाडी, नागपूर
सोमवार, १३ जानेवारी २०२५

चि. सौ. जया हिले ताईचे आशीर्वाद.

हप्त्यात एक रविवार भेटते मले, तोही आता या लोकायनं खाल्ला. गोडाऊनात सहा दिवस खोके भरून कंबर मोडते. सातव्या दिवशी डोकं धुवावं, पाय पसरावे, तर शेजारची शोभाताई दारात उभी. म्हणे समाजमंदिरात बायांचा वर्ग आहे, चार रविवार, चल. कशाचा? तर स्वतःले ओळखायचा. सत्तेचाळीस वर्षं या अंगात राहून राहिली मी, आता अजून काय ओळख करून घ्यायची?

शिकवणारी भूमिका नावाची पोरगी. तिनं सगळ्यायले गोल बसवलं. प्रत्येकीनं उभं राहून आपलं नाव आन आपल्यातली एक चांगली गोष्ट सांगायची. पहिली शोभाताई उठली. तिनं डोक्यावर पदर घेतला आन नवऱ्याचं नाव घेऊन उखाणाच ठोकला. मंग दुसरीनं उखाणा, तिसरीनं उखाणा. मीही तुह्या भाऊजीचं नाव घेतलं, टाळ्या भेटल्या. एकोणीस बाया, एकोणीस नवरे. पोरगी बिचारी म्हणाली का काकू, हे तर काकांचं झालं, आता तुमचं सांगा.

मी म्हटलं, मले भांडता येते. हसल्या साऱ्या. हसू दे. पण दुसरं काही सुचलंच नाही वं. घरी भाकरी थापतानाही आठवून पाह्यलं. शिक्षण चौथी, तेही अर्धं. रूप तुले माहीत आहे. तोंड साऱ्या गावाले माहीत आहे.

आता घरचा अभ्यास दिला. लग्नाच्या आधीपासून जो आपल्याले ओळखते, त्याच्याकडून एक चांगली गोष्ट लिहून आणायची. आईबाबा गेले, राहिली तू. तुले फोनवर ऐकू येत नाही, आन मोबाइलवर लिहिलं का तुहा पोरगा अंकुश आधी वाचते. म्हणून हे पत्र. तुहे भाऊजी उद्या संत्र्याची गाडी भरायले काटोलले येतीन, त्यायच्या हाती देते. शनिवारच्या आत लिही. खोटं नको. मी सुंदर होती असं लिहिलं तर मार खाशीन.

तुही ताई,
प्रेमिला

काटोल
१६ जानेवारी

ती. सौ. प्रेमिलाताईस, जयाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. उखाण्यांचं वाचून इतकी हसले की सासूबाई काय झालं म्हणून पाहायला आल्या. इकडे संत्र्याची शेवटची तोड चालू आहे, सगळे त्याच गडबडीत. अंकुशला सांगितलंय, मावशीच्या पत्राला हात लावायचा नाही.

तू सुंदर नव्हतीस. झालं? आता खरं लिहिते.

मी आठ वर्षांची असताना तापात माझे कान गेले. गुरुजींनी बाबांना सांगितलं, हिला आता घरीच राहू द्या. तू तेव्हा चौथीत होतीस. दुसऱ्या दिवसापासून तूही शाळेत गेली नाहीस. सगळे म्हणाले, प्रेमिलाचं डोकं चालत नाही, कंटाळली शाळेला. तू रोज मला गोठ्याच्या दारात बसवायचीस, उजेडाकडे तोंड करायचीस, आणि एकेक शब्द ओठ ताणून म्हणायचीस, मला कळेपर्यंत. मी रडले की चिमटा काढायचीस. वर्षभर हेच. पुढच्या जूनमध्ये बाबा मला परत शाळेत घेऊन गेले, तेव्हा मी गुरुजींच्या ओठांवरून धडा ओळखला. माझी दहावी झाली. तू मात्र परत गेलीच नाहीस.

लोक म्हणतात प्रेमिला तोडून बोलते. ताई, लांब वाक्य मला ओठांवर धरता यायचं नाही, म्हणून तू दोन-तीन शब्दांत बोलायला लागलीस. मग तीच सवय राहिली. मी इतक्या वर्षांत हे कोणाला सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही. चुकलं माझं.

रागावलीस तर रागाव, माया मात्र आहे तेवढीच राहू दे.

तुझी धाकटी,
जया

वाडी, नागपूर
सोमवार, २० जानेवारी

चि. सौ. जयाले आशीर्वाद, आन चार शिव्या.

असं पत्र लिहितेत का वं? मले वाटलं दोन ओळी असतीन. वर्गात उभी राहून फोडलं आन वाचाले लागली. गोठ्याच्या दारापर्यंत गेली, तिथं गाडी अटकली. उरलेलं भूमिकानं वाचलं. शोभाताई रडली, तिले तर कारणच पाहिजे.

शाळा मी तुह्यासाठी सोडली नव्हती. मले पाढे येत नव्हते. पण उजेडाचं आठवते. तुहे डोळे माह्या तोंडावर, जसं काही खायलेच देऊन राहिली मी.

आता ऐक. आमच्या वर्गात यमुताई आहे, साठीची. दोन वर्षांत तिचे कान गेले. दुसऱ्या हसल्या का तीही हसते, कळत काही नाही. तिची पाळी आली का आम्ही पुढं जाऊन राहिलो होतो, मीही. काल उठली मी. तिची खुर्ची खिडकीकडं फिरवली, समोर बसली, आन तीन शब्दांत विचारलं का तुमच्यात चांगलं काय. तिसऱ्या वेळी समजलं तिले. म्हणाली, माप न घेता नुसत्या नजरेनं ब्लाउज शिवते, साऱ्या मोहल्ल्यातल्या नवरी पोरींचे लग्नाचे ब्लाउज तिनंच शिवले. आमच्यातल्या एकीलेही माहीत नव्हतं. मंग अर्धा तास थांबलीच नाही. भूमिकानं पाटीवर माह्या नावापुढं काहीतरी लिहिलं, मी वाचलं नाही.

आज कामावरून आली तर यमुताई दारात, हातात पाट घेऊन. रोज येईन म्हणते. बसली मी, पण मले आता काहीच आठवत नाही. पाय म्हटलं का तिले माय दिसते. तुह्या वेळी असे शब्द कसे वेगळे केले होते? पहिला शब्द कोणता घेतला होता? तू रडली का मी चिमटा काढत होती, पण यमुताई मोठी आहे, तिले काय करू? सारं लिही, काही सोडू नको. शिकवलं मी, पण कसं शिकवलं ते तुलेच माहीत.

पोरायले पापा. जीव लावत राह्य, मीही लावते, बोलत नाही एवढंच. तुहे भाऊजी शुक्रवारी, २४ तारखेले, काटोलवरून गाडी घेऊन निघतीन. त्यायच्या हाती उत्तर पाहिजे, आन पहिला शब्द सगळ्यात वर लिही.

तुही ताई,
प्रेमिला