कोऱ्या पाण्यात उठणारा डोंगर

सालेकसा, फाल्गुन

आदरणीय खुशालभाऊजी,

योगराजचा वाकून नमस्कार. तुमची शुगर, शामकलाताईचे गुडघे आणि नागपूरचं ऊन, तिन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडे राईस मिल धडधडते आहे आणि मी तिच्यामागे. (फोनच केला असता, पण मिलमध्ये फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि हे ओरडण्यासारखं नाही.)

तुमच्या लेकीने, चेतनाने हे खूळ सोडून हैदराबादची नोकरी धरावी असं तुमचं म्हणणं. आधी खूळ काय ते ऐका. आपल्या धानाच्या कोंड्यातून ती प्रथिन काढते आणि त्याला कारखान्यात बनलेला पॉलिमरचा धागा जोडते. मग ते आपोआप एकत्र येऊन डोळ्याला न दिसणारे गोळे होतात. (अर्धा जीव, अर्धा कारखाना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हात धुऊन आलो.) त्यात औषध भरायचं. सगळे गोळे एका मापाचे आणि गोल निघाले तरच एक कंपनी ते घेणार, नाहीतर पोरीचं दुकान बंद.

ते मोजायचं यंत्र माझ्या मिलच्या मागच्या खोलीत आहे. आत कागदासारखा पातळ पाट. पाणी पुढे वाहतं, आणि दुसरी एक ओढ सगळ्यांना तळाच्या पडद्याकडे दाबते. लहान गोळे वर उसळून मधल्या जोरकस धारेत सापडतात आणि आधी बाहेर येतात. मोठे तळाशी रेंगाळत मागून. दाराशी लेझरचा उजेड. तो कसा विखुरतो त्यावरून माप कळतं, गोल की लांबट तेही. चाळणी नाहीच, म्हणून नाजूक माल फुटत नाही. (आमच्या मिलमध्ये इतकी माया असती तर तांदूळ तुटून कनकी पडलीच नसती.)

दर वेळी आधी ती नुसतं कोरं पाणी सोडते. संगणकाच्या पडद्यावरची रेघ तेव्हा चोरखमारा तलावाच्या हिवाळी पाण्यासारखी सपाट हवी. एका दुपारी त्या रेघेच्या शेवटी डोंगर उठला. मागचं उरलं असेल म्हणून तिने सगळं धुतलं. दुसऱ्या दिवशी डोंगर आणखी मोठा, आणखी उशिरा, आणि गोल नाही, लांबट. मग रोज लांब होत गेला. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. धान सोलायच्या शेलरमध्ये खडा गेला तर मला रस्त्यावर कळतं. डोंगर उठण्याआधी यंत्राच्या पंपाचा आवाज किंचित खाली बसायचा, कोणी श्वास आत घेतल्यासारखा. मी पाठ करून बसलो असलो तरी "आला" म्हणायचो. चेतना आधी हसायची. मग तिने खुर्ची यंत्राकडून दाराकडे वळवली.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी पोत्यांमागे बसून राहिलो. दार उघडलं. आमचा सुकराम मिस्त्री झाडू घेऊन आला, यंत्रातून निघालेल्या पाण्याची बाटली उचलली आणि कोऱ्या पाण्याच्या बाटलीत हळूच रिकामी केली.

"काऊन रे?" मी म्हणालो.

"सेपरेटरातून उतरलं ते फेकत नाही जी मालक. परत फिरवा लागते."

(सेपरेटरातून वेगळा निघालेला, न सोललेला धान आम्ही पुन्हा शेलरला देतो. ही शिस्त त्याला मीच लावली.) म्हणजे टाकलेले गोळे रोज परत येत होते आणि एकमेकांना चिकटून वाढत होते. चेतना हसून हसून रडली. नवी बाटली, तळाचा नवा पडदा, कोऱ्या पाण्याची रेघ सपाट. माल गोल निघाला, कंपनीने होकार दिला. तेव्हा भाऊजी, पोरीला इथेच राहू द्या. नोकरीचा विषय काढू नका.

तुमचा,
योगराज

ता. क. कचारगडच्या जत्रेच्या दिवसांत सुकराम इथे मिलवर नव्हताच, हे मला आता लिहिताना आठवलं. सगळ्यात लांब डोंगर तेव्हाच उठला होता.

ता. क. आणखी एक. कोऱ्या पाण्याची ती जुनी बाटली चेतनाने फेकली नाही, खिडकीत ठेवली आहे. यंत्र शनिवारपासून बंद आहे, वायर मीच काढली. तरी दुपारी जेवायला बसलो की पंपाचा आवाज खाली बसतो. पोरीला सांगितलं, तर म्हणाली, "वाढू द्या न मामा, तेही आपलंच आहे," आणि भात कालवत राहिली. तेव्हा वर लिहिलेलं सोडा. मिळेल त्या गाडीने या आणि तिला हैदराबादला घेऊन जा. बाटलीही न्या. इथे त्या बाटलीला हात लावायला सुकरामसुद्धा तयार नाही.