दहाव्याचं राहिलेलं रडणं

भोंगवली,
६ जानेवारी २०२५

चि. हनुमंतास साळूअक्काचे अनेक आशीर्वाद.

मोबाईलवर बोललं की सूनबाई कान देऊन ऐकते, म्हणून हा कागद. तुझे दाजी गेले तेव्हा मी रडत होते, जेवत नव्हते. नवरा गेल्यावर बाई रडणार नाही तर काय फुगडी घालणार? पण धनाजी घाबरला आणि तिसऱ्याच दिवशी मला डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या मेल्याने काही न विचारता, वरही न बघता मनाच्या गोळ्या लिहिल्या.

दहाव्याला मी घरात गुंगीत पडलेली. नदीवर कावळा पिंडाला शिवेना. प्रत्येकाने काहीबाही कबूल केलं, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. राजा बैल विकू नये, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती मला एकटीला ठाऊक होती. मला भान येईतो राजा बाजारात गेला.

धनाजी पोटचा, त्याला सोडलं. डॉक्टरला सोडणार नाही. गोळ्या आजपासून चुलीत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

पानशेत,
११ जानेवारी

ती. अक्कास हनुमंताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता हॉटेलातली भाजी करपली, गिऱ्हाइकांच्या शिव्या तुझ्या नावावर. राग मलाही आला. पण गोळ्या अशा एकदम तोडू नकोस. माझी सून शेफाली बाळंतपणानंतर विहिरीत बघत बसायची, ती अशाच गोळ्यांनी माणसात आली. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. त्यांनाच दाखवू, त्या हळूहळू कमी करतील.

मग त्या डॉक्टरचं काय करायचं ते कर. टेम्पो माझा.

आहे तो लोभ वाढवावा.
हनुमंत

भोंगवली,
२० एप्रिल

चि. हनुमंतास आशीर्वाद.

बाईंनी गोळ्या सोडवल्या. शेफालीला म्हणावं, तुझ्या तू वेळेवर घे.

काल तुझ्या टेम्पोतून उतरले ती धनाजीला घेऊन थेट त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेले. बाकं भरलेली. मधोमध बसले, पदर घेतला आणि दहाव्याचं राहिलेलं रडणं हेल काढून मोकळं केलं. तुझ्या दाजींचा एकेक गुण आळवला, राजाचंही नाव घेतलं. कामथडीची एक म्हातारी येऊन गळ्यात पडली. लेक गेल्यापासून तिलाही त्याच गोळ्या. मग दोघी रडलो. धनाजी भिंतीकडे तोंड करून उभा होता.

डॉक्टर धावत बाहेर आला, हात जोडून विचारू लागला की आजी, तुमचं कोण गेलं? मी डोळे पुसले आणि म्हटलं की हे तवाच इचारायचं व्हतं, आता न्हाई सांगत. मी बाहेर येऊन चहा मागवला. लई दिवसांनी गोड लागला.

सगळ्यांना जवळ घेतल्याचं सांग.
अक्का