दुपारी तिकडे कोणी जात नाही

२० मे

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग. मी परवा रात्री सुखरूप पोचले. डबा विसरले, तो राहू दे तिकडेच.

आधी जे झालं ते लिहिते.

१. रविवारी तुम्ही सगळे लग्नाला गेला होतात. दुपारी तीनच्या सुमारास मी मागच्या अंगणातल्या, आईच्या नव्या खोलीचं दार उघडलं.
२. बाहेर एकेचाळीस अंश होतं. आत, तिच्या उशीपाशी, मी मोजलं तेव्हा चव्वेचाळीस.
३. आई जागी होती. अंग तापलेलं, कातडी कोरडी, घामाचा टिपूस नाही.
४. तिला धरून मधल्या खोलीत आणलं, ओल्या टॉवेलने पुसत राहिले. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले.
५. संध्याकाळी तू आलास तेव्हा मी म्हणाले, आई जरा दमलीय.

पाचव्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे. डॉक्टरांना मी म्हटलं होतं, घरी मी सांगते. आणि सांगितलं नाही.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर आपण सगळे तिच्या खोलीत जाऊन बसलो. तू भिंतीवर थाप मारलीस आणि नेहमीसारखं मला चिडवलंस. म्हणालास, "हात लावून बघ. गार. तिकडे घरात तुझ्या लाडक्या विटा बसल्यात घामाघूम. बोल आता, थर्मामीटर!" वहिनी हसली, आई हसली, मीही हसले. भिंत खरंच गार होती. फोनवर सांगितलं असतं तर असंच हसण्यावारी गेलं असतं, म्हणून लिहिते आहे.

तू इतकी वर्षं भाज्या-फळांसाठी कोल्डरूम बांधतोस, आणि आईची खोलीही त्याच पत्रा-फोमच्या पॅनेलची केलीस. पॅनेल तुझ्याइतकं मला कळत नाही. पण कोल्डरूममध्ये मशीन चालू असतं. पॅनेल गारवा धरून ठेवतं, तयार करत नाही. मशीन नसेल तर पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊनही ते तेवढ्याच इमानाने आत धरून ठेवतं. आणि ते हलकं आहे. घराच्या जाड भिंतीत दुपारची उष्णता मुरायला वेळ लागतो, ती आत पोचते रात्री. पत्र्याच्या आणि फोमच्या छपरातून ती तासा-दोन तासांत खाली येते, आणि आत ती शोषून घ्यायला काही जड नाही. फक्त एक कॉट, आणि आई.

आपण लहानपणापासून उकाड्याची वेळ रात्र समजतो. म्हणून रात्री तिच्याकडे जातो, आणि तेव्हा ती घरातली सगळ्यात गार खोली असते. दुपारी जात नाही, कारण आईची झोपमोड नको. हा नियम तिनेच आपल्याला लावला, आपण शाळेत होतो तेव्हा.

आज दुपारी मी तिला फोन केला. तीनदा वाजून बंद झाला. वहिनी सुट्टीतही शाळेच्या कामाला गेलेली. मग तुला दुकानात केला. तू म्हणालास, झोपली असेल गं, महाबळेश्वरच्या गारव्यात आहे ती. मी बरं म्हणाले आणि पुन्हा तिचा नंबर लावत राहिले. पाच वाजता तिनेच फोन केला. आवाज जड होता. म्हणाली, मस्त झोप लागली होती.

दादा, मला भीती वाटते. हे वाक्य मी आकडे देऊन लिहू शकत नाही.

तिसऱ्या मुद्द्यात मी एक गोष्ट गाळली. आईने मला ओळखलं नाही. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होती. मला अहो-जाहो करत म्हणाली, "बाई, दार लावून घ्या. मुलाने हौसेने बांधलंय, त्याला काही सांगू नका."

तासाभराने भानावर आली. तेव्हाही तेच म्हणाली, फक्त मला 'तू' म्हणून. मी कबूल केलं. आता तो शब्द मोडते आहे. तिला हे कळू देऊ नकोस.

खोली पाडू नकोस. छपरावर हातभर उंच दुसरं छप्पर घाल, मधून वारा खेळू दे. खिडकीला बाहेरून आडोसा कर, आतून एक विटांची भिंत घे. पावसाळ्यानंतर तिथे मीही राहायला येईन. पण हे व्हायला वेळ लागेल, आणि दुपार रोज होते. हे पत्र उद्या सकाळी कुरिअरने दुकानावर येईल. चुकून उशीर झालाच तर म्हणून शेजारच्या काकूंना उद्या दोन वाजता तिला त्यांच्या घरी बसायला न्यायला सांगितलं आहे. कारण सांगितलं नाही. माझ्यावर विश्वास नसला तर उद्या तीन वाजता दुकान बंद करून ये, दार लावून तिच्या कॉटवर नुसता पडून राहा.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाठव. आई दुपारी कुठे झोपते, एवढंच लिहिलंस तरी पुरे.

तुझी,
थर्मामीटर