चोराची चिठ्ठी

१२ एप्रिल १९७३, संध्याकाळचे साडेसहा. ओसरीवर बसून खेळाचे नियम वहीत स्वच्छ उतरवतो आहे.

आज दुष्काळी कामावर, जेवणाच्या सुट्टीत, राजा-प्रधान-शिपाई-चोर खेळलो. चिठ्ठ्या लिहून मीच टाकल्या होत्या. हजेरी घेणारे मुकादमही बसले. त्यांना चोराची चिठ्ठी आली. आमच्यात चोरानं चोरासारखी गयावया करायची असते.

मुकादम मला म्हणाले, "चिठ्ठी बदल. मुकादम चोर असतो व्हय?"

राजा झालेल्या सखूमावशी म्हणाल्या, "हात जोडा की, मुकादम! लई झाली ऐट." सगळे हसले.

मुकादम माझ्यावरच उखडले, "उद्या हजेरीत तुझं नाव न्हाय."

तरी मी चिठ्ठी बदलली नाही. माझं चुकलं का? राजाची चिठ्ठी आली असती तर त्यांनी बदलून मागितली असती? नाही चुकलं. उद्या नाव नसलं तरी जाईन आणि पहिली चिठ्ठी त्यांनाच उचलायला लावीन.